रस्ता कोणाचा?

आपल्या चळवळीत पाण्याचा इतिहास लिहिला गेला. देवळाचा लिहिला गेला. जमिनीचाही थोडाफार लिहिला गेला. रस्त्याचा इतिहास मात्र अजून कुणी नीट लिहिलेला नाही. शाळेकडे एकटीने चालत जाणाऱ्या मुलीच्या रस्त्याचा तर नाहीच नाही. तिच्या मागे कोण चालत होते, ते किती दिवस चालत होते, आणि ती एके दिवशी शाळेत यायची का थांबली, याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही. हजेरीपुस्तकात तिच्या नावापुढे फक्त रेघ असते.

१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती फेकली जात असे, हे आपण दर जानेवारीत भाषणांतून सांगतो. पण त्या प्रसंगाकडे आपण फक्त छळाचा प्रसंग म्हणून पाहतो. एक बाई रोज ठरावीक वेळी ठरावीक वाटेने जाते, हे कुणीतरी पाहून ठेवले होते. कुणीतरी वळणावर थांबत होते. शेण हातात येण्याआधी पाळत होती. आज कायद्याच्या भाषेत ज्याला पाठलाग म्हणतात त्याची सुरुवात या पाळतीपासून होते, आणि ती बाईला घरात परत ढकलण्यासाठीच असते.

या गोष्टीला आपल्या भाषेत गुन्ह्याचे नाव नव्हते. खेड्यात 'मागे लागणे' म्हणत, शहरात 'छेड काढणे'. दोन्ही शब्दांत एक खोडकरपणा आहे, जणू पोरे आहेत, चालायचेच. त्यावर कडी केली ती वर्तमानपत्रांनी. १९९० साली उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आले. २०२० साली हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. या तीस वर्षांत मराठी बातमीदारीचा ठरलेला शब्द बदलला नाही : 'एकतर्फी प्रेम'. ज्यात एका माणसाने स्पष्ट नकार दिलेला आहे त्याला प्रेम कसे म्हणायचे? चोरीला कुणी एकतर्फी खरेदी म्हणत नाही.

कायद्याची भाषाही फार निराळी नव्हती. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा केला, १८६० साली भारतीय दंडसंहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात कलम ३५४ होते, कलम ५०९ होते. दोन्हींचा आधार एकच : स्त्रीचा 'विनय'. गुन्हा व्हायचा तर विनयाचा भंग व्हायला हवा. मग प्रश्न येतो, विनय कोणाजवळ असतो असे न्यायालय मानते?

याचे उत्तर १९७२ साली मिळाले. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावला पाण्याच्या कारणावरून दलित स्त्रियांची विटंबना झाली. राजा ढाले यांनी १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त जो संताप व्यक्त केला त्याचा गाभा हाच होता की राष्ट्रीय प्रतीकाच्या अपमानाला तीनशे रुपये दंड, आणि आमच्या बाईच्या अब्रूला पन्नास. त्या लेखावर महाराष्ट्र पेटला, पण बहुतेकांना राग आला तो प्रतीकाच्या अपमानाचा. पन्नास रुपयांची चर्चा मागे पडली.

त्याच वर्षी २६ मार्चला, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. तो खटला 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. ती ठाण्यात गेली कशी, हे आपण विसरतो. तिच्या भावाने तिच्या प्रेमसंबंधाविरुद्ध तक्रार दिली होती, म्हणून. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. राजस्थानात भटेरीच्या भंवरीदेवींच्या खटल्यात १९९५ साली न्यायालयाने वरच्या जातीचे लोक खालच्या जातीच्या बाईला असे शिवणार नाहीत असा तर्क लढवला. शिवाशिवीचा असा उपयोग फक्त आरोपीलाच होतो.

१९८३ साल मला दुसऱ्याही कारणाने आठवते. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवीत होतो. बौद्धवाड्यातून आठवीत एकच मुलगी येत असे. ओढ्यापलीकडून पाऊण तासाची वाट होती. गावातल्या एका बागाइतदाराचा मुलगा सायकल घेऊन रोज तिच्या मागे असायचा. हात लावला नाही, शब्द टाकला नाही. तिचा बाप माझ्याकडे आला, म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आपल्यातलेच. काय करू?" मी त्याला सांगितले, वाट बदला. दुसरी वाट नव्हती. तेव्हा मीच म्हणालो, वर्षभर घरी राहू द्या. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मी पँथरच्या मोर्चात घोषणा दिलेला माणूस. नामांतरासाठी सत्याग्रह केलेला. पण सायकलवरच्या त्या पोराच्या घरी जाण्याचे मला सुचले नाही, आणि पोलिसांत जाऊन सांगणार तरी काय होतो? 'तो तिच्या मागे चालतो' हा गुन्हा नव्हता.

तो गुन्हा व्हायला आणखी तीस वर्षे लागली. दिल्लीत १९९६ साली कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने पाठलागाच्या अनेकदा तक्रारी केल्या होत्या. तिला पोलीस संरक्षणही दिलेले होते. तरी तिचा खून झाला. आरोपी बड्या पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. १९९९ साली सुटला आणि २००६ साली उच्च न्यायालयात दोषी ठरला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्या. वर्मा समितीने एका महिन्यात अहवाल दिला आणि २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३५४-ड आले. गंमत अशी की मुलांसाठीचा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ लाच लागू झाला होता आणि त्यात लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणे, पाळत ठेवणे हा गुन्हा होताच. अठरा वर्षांखालील मुलीला हे संरक्षण प्रौढ बाईच्या आधी मिळाले.

३५४-ड चे महत्त्व शिक्षेत नाही, व्याख्येत आहे. स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवूनही जो पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो, संपर्क साधतो वा साधू पाहतो, किंवा इंटरनेट, ई-मेल यांवरील तिच्या व्यवहारावर पाळत ठेवतो, तो गुन्हेगार. येथे विनय नाही, खानदान नाही, बापाची अब्रू नाही. तिची अनिच्छा आहे. दीडशे वर्षांनी पहिल्यांदा दंडसंहितेत बाईच्या 'नाही'ला वजन आले. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा ठरल्यास पाच वर्षांपर्यंत. मात्र मार्च २०१३ च्या सर्वपक्षीय बैठकीनंतर पहिला गुन्हा जामीनपात्र करण्यात आला. मुलींच्या मागे कोण गेले नाही, असे लोकसभेत उघडपणे बोलले गेले त्याच दिवसांत. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हेच कलम आता ७८ आहे.

आपल्या दृष्टीने खरी गोष्ट २०१६ सालची आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ ला लागू झाली. तिच्या अनुसूचीत पाठलागाचे कलम घातले गेले. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची आहे हे ठाऊक असताना त्या समाजाबाहेरच्या माणसाने हा गुन्हा केला तर ॲट्रॉसिटीही लागते. 'ठाऊक' हा शब्द नीट वाचावा. पूर्वी 'जातीच्या कारणावरून' हे सिद्ध करताना दम निघे. खैरलांजीतही न्यायालयाला जात दिसली नाही. आता आरोपीची पीडितेशी वा तिच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. आणि खेड्यात ओळख नसते असे कुठे असते? तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. अटकपूर्व जामीन नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा सैल केला तेव्हा २ एप्रिलला देश बंद पडला आणि संसदेला कलम १८-अ घालावे लागले, हे तरुणांना ठाऊक आहेच.

आणखी एक बारकावा. तक्रार न नोंदवणाऱ्या पोलिसाला शिक्षा देणारे कलम २०१३ साली आले, पण त्याच्या यादीत ३५४ आहे, ५०९ आहे, ३५४-ड नाही. म्हणजे पाठलागाची तक्रार घेतली नाही तर त्या कलमाखाली पोलीस सुटतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली मात्र कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सवर्ण अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे.

आता जे बोलायला अवघड जाते ते. मागे येणारा पोरगा दर वेळी गावातलाच नसतो, वस्तीतलाही असतो. त्याच्या हातात निळा झेंडाही असतो. तेव्हा ॲट्रॉसिटी लागत नाही, कलम ७८ लागते. आणि आपले कार्यकर्ते 'समाजाची बदनामी नको' म्हणत तिच्या बापाच्या घरी बसतात. मी असा बसलेलो आहे. उलट बाजूही आहे. सवर्ण मुलीचे आपल्या मुलावर प्रेम असते आणि तिचा बाप पाठलागाची फिर्याद देतो. अशा वेळी कायद्यालाच दोष देणाऱ्यांनी व्याख्या पुन्हा वाचावी. प्रौढ मुलीची अनिच्छा आहे की नाही हे तिलाच विचारायचे आहे, बापाला नाही. मथुरेला तेव्हा कुणी विचारले नव्हते.

ठाण्यात पहिली अडचण 'एन.सी.'ची येते. पाठलाग दखलपात्र आहे, एन.सी.वर भागवून घेऊ नये. हद्दीचा वाद घालू देऊ नये. गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्याला खबर घ्यावी लागते. नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, त्यानंतर न्यायदंडाधिकारी आहेतच. मेसेज पुसू नयेत, तारखा-वेळा वहीत लिहाव्यात, नकार एकदा तरी लेखी किंवा साक्षीदारासमोर द्यावा. तातडीला ११२, स्त्रियांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८, ऑनलाइन छळाला १९३०, आणि ॲट्रॉसिटीसाठी १४५६६. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता मोफत मिळतो, क्रमांक १५१००. जिल्ह्याच्या 'सखी' केंद्रात समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि पोलिसांशी बोलणारे माणूस मिळते. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पुढे राज्यभर गेला. पोलीस ठाण्यात एकटीने जायला धजत नसलेल्या बाईने आधी तिथे जावे. मुलगी अठराच्या आतली असेल तर जबाब तिच्या घरी घेता येतो आणि तो घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असा कायदा आहे. जबाब तिच्या शब्दांत हवा, तो तिला वाचून दाखवायचा असतो, आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नये.