नामावली, नामाधिकार आणि लिपी

भाषेतील चिन्ह यादृच्छिक असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला अगदी आरंभीच भेटतो. नाव आणि वस्तू यांच्यात निसर्गदत्त नाते नाही. समाजाची संमती हाच त्या नात्याचा आधार. मात्र ही संमती कोण नोंदवतो आणि नाव देण्याचा अधिकार कोठवर चालतो, हे भाषेत सहसा डोळ्यांना दिसत नाही. शतकानुशतकांच्या व्यवहारात ते मुरून गेलेले असते. संगणकांच्या जाळ्याला या प्रश्नाचे उत्तर दहा-बारा वर्षांत, तेही लेखी, द्यावे लागले. म्हणूनच हा इतिहास केवळ तंत्रज्ञांचा नाही.

संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. १९६९ साली अमेरिकेत ‘आर्पानेट’ सुरू झाले, तेव्हा त्यातील प्रत्येक केंद्र इतर संगणकांच्या नावांची आपापली यादी ठेवत असे. साहजिकच याद्या परस्परांशी जुळत नसत आणि बहुधा शिळ्या असत. सर्वांसाठी एकच अधिकृत यादी एकाच ठिकाणी असावी, असा आग्रह पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३च्या टिपणात धरला. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखाली जाळ्याचे माहिती केंद्र चाले. ‘होस्ट्स’ नावाची ही नामावली तेथे सांभाळली जाऊ लागली. नवा संगणक आला की त्या केंद्राला कळवायचे. तेथे नोंद होई आणि प्रत्येक केंद्र ती फाइल उतरवून घेई. एक दप्तर, एक लेखणी.

जाळे लहान होते तोवर हे निभावले. संगणक वाढले तशी नामावली फुगली. एक प्रत उतरवून होते न होते तोच ती जुनी ठरे, आणि एकच नाव दोघांनी घेऊ नये ही चिंता वेगळीच. यावर मोठे दप्तर हा उपाय नव्हता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३मध्ये दोन टिपणांतून जी नामव्यवस्था मांडली, ती आज ‘डीएनएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे मर्म यादीत नसून अधिकाराच्या वाटणीत आहे. नावांचा वृक्ष कल्पायचा. प्रत्येक फांदीवरील नावांची जबाबदारी त्या फांदीच्या धन्याकडे सोपवायची. मध्यवर्ती सत्तेने सगळी नावे जाणण्याची गरज नाही. कोणाला विचारावे एवढे तिने सांगितले की पुरे.

या वाटणीचे सर्वांत लहान आणि सर्वांत बोलके रूप म्हणजे एखाद्या महाविद्यालयातील किंवा घरातील स्थानिक जाळे. तेथील नामसेवकाच्या फाइलीत प्रत्येक संगणकासाठी दोन नोंदी करायच्या असतात : एक नावावरून अंकाकडे नेणारी, दुसरी अंकावरून नावाकडे. नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते : आधी संगणक, मग विभाग, मग संस्था. अंकांचा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो. म्हणून दुसऱ्या नोंदीत अंक उलटे लिहावे लागतात; १९२.१६८.१.२० हा पत्ता तेथे २०.१.१६८.१९२ असा येतो आणि त्याच्या शेवटी ‘आर्पा’ हा शब्द लागतो. आर्पानेट १९९० साली बंद झाले. त्याचे नाव या नोंदींत अश्मीभूत होऊन राहिले आहे. जुनी ‘होस्ट्स’ फाइलही प्रत्येक संगणकात अद्याप आहे आणि नाव शोधताना बहुधा आधी तिलाच विचारले जाते.

१९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या नियमाने खाजगी वापरासाठी राखले गेले. असंख्य घरांत तेच अंक असतात. वाड्यात ‘दादा’ अशी हाक मारली तर ओ देणारा एकच असतो. वेशीबाहेर दादांची गणती नाही. तरीही वाड्यातली हाक खोटी ठरत नाही. खाजगी नावे जगाच्या नावांवर आदळू नयेत म्हणून २०१८ साली घरगुती जाळ्यांसाठी ‘होम.आर्पा’ आणि २०२४ साली खाजगी वापरासाठी ‘इंटर्नल’ हे प्रत्यय राखून ठेवण्यात आले. नावाचे खरेपण त्याच्या हद्दीत असते, हे तंत्राने अशा रीतीने मान्य केले.

एक गोष्ट मात्र वाटली गेली नाही : लिपी. संगणकाच्या नावात रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढेच चालावे, हा जुन्या नामावलीचा दंडक नव्या व्यवस्थेतही संकेत म्हणून उतरला. वस्तुतः नामव्यवस्थेच्या गाभ्याला अन्य चिन्हांचे वावडे नाही, हे १९९७च्या एका टिपणाने स्पष्ट केले. पण तोवर भोवतालची सारी साधने त्या संकेतावर उभी होती. म्हणून २००३ साली ‘प्युनीकोड’ आला. त्यात देवनागरी नाव आधी रोमन अक्षर-अंकांच्या सांकेतिक वेशात शिरते आणि मग प्रवासाला निघते. २०१४ साली खुला झालेला ‘.भारत’ हा प्रत्ययही पडद्याआड याच वेशात वावरतो.

या वेशांतराची किंमत मराठीला अक्षरशः मोजावी लागली. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या शब्दांतला भेद संगणकावर अनेकदा एका अदृश्य जोडचिन्हाने राखला जातो. २००३चे नियम ते चिन्ह गाळून टाकत. अशा वेळी डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होई. २०१०च्या सुधारित नियमांनी त्याला ठरावीक स्थानी मुभा दिली, मात्र ती स्वीकारायची की नाही हे त्या त्या नोंदणी संस्थेवर सोपवले.

म्हणजे १९८३ साली नाव देण्याचा अधिकार फांदीफांदीवर पोहोचला. नाव लिहिण्याचा अधिकार मुळापाशीच राहिला. आपल्या विभागातील संगणकाचे नाव काय असावे, हे आज कोणालाही न विचारता ठरवता येते. ते ज्या अक्षरांत प्रवास करते ती मात्र बंद पडलेल्या नामावलीची आहेत. दप्तर गेले, दप्तराची लिपी उरली. मराठीच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे पाहायचे ते यासाठी.