कारणे द्या

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी विचारणा केली. कारण सांगते. या सुट्टीत नातवाने माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि तिच्यातून निघालेल्या एका राखाडी डबीने आम्हा दोघांचे चांगले पंधरा दिवस खाल्ले!

डबी म्हणजे 'गेम बॉय'. माझे धाकटे दीर बोटीवर नोकरीला होते. १९९२ साली जपानहून येताना त्यांनी माझ्या मुलासाठी ती आणली. पुढच्या वर्षी चिरंजीव दहावीत गेले आणि मी ती काढून घेऊन ट्रंकेत टाकली. आतले चार पेन्सिल सेलसुद्धा काढले नाहीत.

काढून घेण्याचं कारण फक्त दहावी नव्हतं. रोज संध्याकाळी हा मुलगा घरात न बसता जिन्याच्या चौकात जाऊन उभा राहायचा, भिंतीकडे पाठ आणि मान खाली. मला वाटायचं, आपल्यापासून लपवतो आहे. शिक्षिकेच्या मुलाने लपवाछपवी करावी याचा मला फार राग आला होता.

तर नातवाने डबी उघडली. सेल गळून पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर बसला होता. तो व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने निघाला. नवे सेल घातल्यावर यंत्र चक्क बोललं! पण पडद्यावरच्या आठ-दहा उभ्या रेघा गायब होत्या आणि बाकीचं चित्रही नीट दिसेना. मी म्हटलं, "दिवा लाव की त्याचा."

"आजी, याला आतून लाईटच नाहीये. बाहेरचा उजेड पडला तरच दिसतं."

मी गप्प झाले. मग नेहमीच्या सवयीने इतिहास शोधायला बसले.

या पडद्यातला 'द्रव स्फटिक' नावाचा पदार्थ १८८८ साली प्रथम नजरेत आला तो फ्रीड्रिख राइनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या. गाजरातून काढलेल्या एका द्रव्यावर ते काम करत होते. त्याचा पडदा होऊ शकतो हे जगाला दिसायला १९६८ साल उजाडलं, आणि १९७३ साली तो जपानी कॅल्क्युलेटरमध्ये बसला. पुढे कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत हे पडदे फार स्वस्त झाले.

इथे गुनपेई योकोई येतात. हे गृहस्थ १९६५ साली निन्तेन्दो कंपनीत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. एकदा आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ घालवताना त्यांना दिसला. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' हा खिशातला खेळ निघाला आणि २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये 'गेम बॉय' आला. किंमत साडेबारा हजार येन.

योकोईंचं सूत्र असं, की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते वेगळ्याच कामाला लावायचं. त्यांचा मूळ शब्द 'सुकलेलं' तंत्रज्ञान असा आहे. मला लोणच्यासारखं 'मुरलेलं' म्हणावंसं वाटतं! म्हणून पडदा रंगीत नाही. १६० गुणिले १४४ ठिपके आणि चार छटा, बस्स. दिवा तर मुद्दामच नाही. समोरून आलेला उजेड काचेतून आत जातो, मागच्या चंदेरी कागदावर आपटून परत येतो, त्यावर चित्र दिसतं. सेगा कंपनीने १९९० साली 'गेम गिअर' आणला. तो रंगीत होता, दिवाही होता. पण तो सहा सेल चार-पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चाले. शेवटी जिंकला तो बिनदिव्याचाच. त्याची पुढची रंगीत आवृत्ती धरून ११ कोटींहून अधिक नग खपले.

अर्थात लोकांना दिवा हवाच होता. जपानमध्ये १९९८ साली दिव्याचा 'गेम बॉय लाईट' निघाला, पण तो बाहेर आलाच नाही. २००१ सालच्या 'अॅडव्हान्स'लाही दिवा नव्हता. मग हौशी मंडळी स्वतःच यंत्र उघडून आत दिवे बसवू लागली. २००३ साली कंपनीने स्वतः दिवा दिला. नातू करत होता ते या हौशी मंडळींचंच काम.

आधी रेघांचा बंदोबस्त. काचेच्या खालच्या कडेला एक लवचिक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यातल्या बारीक तारांतून प्रत्येक उभ्या रांगेला हुकूम जातो. जोड सुटला की ती रांग मुकी होते. आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर तीसेक उन्हाळे तापून जोड सुटले असणार, म्हणजे तो दोषही माझाच. नातवाने यंत्र चालू ठेवून सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या पट्टीवरून अगदी हलक्या हाताने, एका जागी न थांबता फिरवलं. एकेक रेघ परत आली. शेवटची तेवढी हट्टी निघाली, ती तिसऱ्या दिवशी आली.

मग दिवा. काचेमागचा चंदेरी कागद आणि त्याला चिकटलेली पोलरायझरची फिल्म ब्लेडने सोलायची. इथे घाई केली तर काच तडकते. दिव्याची पट्टी सरकवली तर पडदा कोराच! नातवाचा चेहरा पडला. पण काच फुटली नव्हती. सोललेल्या फिल्मच्या जागी नवी घालायची राहिली होती. ती घातली तर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फिल्म काटकोनात फिरवली आणि चित्र जागेवर आलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या त्या दोन खोल्यांत तेव्हा चाळीसचा एकच बल्ब होता, तोही मी वह्या तपासत बसायचे त्या टेबलावर. मुलगा जिन्यात जायचा तो उजेडासाठी. भिंतीकडे पाठ करायचा ती डोक्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर नीट पडावा म्हणून. एकतीस वर्षं मी मुलांकडून 'कारणे द्या' हा प्रश्न सोडवून घेतला. कारण न देता नुसती घटना लिहिली तर अर्धे गुण कापले. आणि घरात कारण विचारलंच नाही, स्वतःच लिहून टाकलं.

रविवारी मुलाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, जिन्यात साठचा बल्ब होता."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस ना."

बरोबर आहे. दिवाळीत तो येतो आहे. डबी पुसून टेबलावर ठेवली आहे. या वेळी सेल मात्र आठवणीने काढून ठेवलेत.