टेबलांमधील वारसा : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

महाविद्यालयाच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही ‘व्यक्ती’ असतात. नाव, जन्मतारीख दोघांनाही असते. परंतु हजेरी क्रमांक फक्त विद्यार्थ्याला आणि वेतनश्रेणी फक्त शिक्षकाला. हे टेबलांत कसे मांडायचे?

१९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. त्यात ‘हा त्याचाच एक प्रकार आहे’ असे सांगण्याची सोय नव्हती. प्रोग्रामिंगमध्ये मात्र नॉर्वेतील सिम्युला ६७ या भाषेने वारसा आधीच आणला होता. १९७६ मध्ये पीटर चेन यांचे एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जॉन स्मिथ आणि डायन स्मिथ यांनी सामान्यीकरणाची संकल्पना डेटाबेससाठी मांडली. १९७९ मध्ये स्वतः कॉड यांनीही आपल्या मॉडेलच्या विस्तारात उपप्रकारांना स्थान दिले.

यानंतर वारसा थेट डेटाबेसमध्ये आणण्याचे प्रयत्न झाले. बर्कली येथील पोस्टग्रेसमध्ये तो होता. एसक्यूएल:१९९९ मानकात त्यासाठी ‘अंडर’ हा शब्द आला. परंतु आजच्या पोस्टग्रेसक्यूएलमध्येही मूळ टेबलावरील युनिक बंधन वारस टेबलांना लागू होत नाही. म्हणजे रकाने वारशाने मिळतात, पण सगळे नियम मिळत नाहीत.

म्हणून व्यवहारात तीन मांडण्या टिकल्या. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांनी आपल्या पुस्तकात त्यांना नावे दिली. पहिली, सर्वांचे एकच टेबल : क्वेरी सोपी, पण वेतनश्रेणीच्या रकान्यात नल चालवून घ्यावा लागतो आणि शिस्त चेक बंधनाने लावावी लागते. दुसरी, ‘व्यक्ती’चे एक टेबल आणि प्रत्येक उपप्रकाराचे वेगळे : नियम नेमके लिहिता येतात, पण जॉइन वाढतात. तिसरी, फक्त उपप्रकारांची टेबले : येथे ग्रंथालयाच्या देवघेव टेबलाची फॉरेन की कोणाकडे दाखवायची, हाच पेच पडतो.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात घ्या. मांडणी निवडणे म्हणजे नियम कोण पाळून घेणार, डेटाबेस की प्रोग्राम, हे ठरवणे. त्यासाठी आधी दोन प्रश्न विचारा. एकच व्यक्ती दोन्ही प्रकारांत असू शकते का? पीएच.डी. करता करता शिकवणारा संशोधक असतोच. आणि प्रत्येक व्यक्ती कोणत्या तरी प्रकारात असलीच पाहिजे का? ही उत्तरे डेटाबेस देत नाही. ती महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावी लागतात.