पंडिता रमाबाईंचे इंग्रजी लेखनशिक्षण (१८८२–१८८७)

१

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास बहुधा संस्था, अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या आधारे लिहिला जातो. १८३५ चे मेकॉलेचे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, असे त्याचे टप्पे ठरून गेलेले आहेत. या मांडणीत विद्यार्थी म्हणजे शाळेत जाणारा मुलगा, हे गृहीत धरलेले असते. ज्या व्यक्ती वयाची विशी उलटल्यावर, शाळेच्या चौकटीबाहेर राहून, संसाराचा व शोकाचा भार वाहत इंग्रजी लेखनाकडे वळल्या, त्यांना या मांडणीत स्थान मिळत नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या अशा व्यक्तींपैकी अग्रगण्य होत.

१८८२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्या इंग्रजीच्या अभ्यासास खऱ्या अर्थाने आरंभ झाला. आणि १८८७ साली फिलाडेल्फिया येथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अवघ्या पाच वर्षांतील या प्रगतीची उपपत्ती रमाबाईंच्या अलौकिक बुद्धिमत्तेने लावण्याचा प्रघात आहे. ती उपपत्ती असत्य नाही. परंतु ती अपुरी आहे. बुद्धिमत्तेमुळे भाषा लवकर कळते. तिच्यात लिहिण्याचे धैर्य व शिस्त केवळ बुद्धिमत्तेने येत नाही. रमाबाईंना ही शिस्त ज्या शाळेत लाभली ती पत्रव्यवहाराची, आणि त्यातही मतभेदाच्या पत्रव्यवहाराची शाळा होती, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

इंग्रजीकडे वळण्यापूर्वी रमाबाईंची भाषिक शिदोरी कोणती होती, हे प्रथम पाहिले पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस संस्कृताचे पाठ मुख्यतः आई लक्ष्मीबाई यांनी दिले. हे शिक्षण मौखिक होते. भागवतादी पुराणांतील हजारो श्लोक मुखोद्गत करावे, त्यांचा अर्थ सांगावा आणि श्रोत्यांपुढे पुराण सांगून कुटुंबाचा निर्वाह करावा, अशी त्याची पद्धती होती. दुष्काळाने आईवडील हिरावून नेल्यावर भावासह केलेल्या भ्रमंतीत देशी भाषांची भर पडली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेसह त्यांना वैधव्य आले.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष प्रसिद्धच आहे. मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षक व स्त्रीतपासनीस असाव्यात, स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण मिळावे, या त्यांच्या मागण्यांनी आयोगाच्या अध्यक्षांचे लक्ष वेधून घेतले. परंतु एका गोष्टीकडे येथे लक्ष दिले पाहिजे. ही साक्ष मराठीत झाली व ती इंग्रजीत दुसऱ्याने उतरविली. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांच्यापर्यंत रमाबाईंचे म्हणणे परक्या लेखणीतून पोहोचले. आपले म्हणणे आपल्याच लेखणीने मांडता यावे ही गरज त्यांस भासली असल्यास नवल नाही. पुण्यातच मिस हर्फर्ड या बाईंपाशी त्यांचे इंग्रजीचे धडे सुरू झाले.

३

‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेल्या पैशाचा आधार घेऊन रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या. वैद्यकाचा अभ्यास करण्याचा त्यांचा हेतू कानांच्या अधूपणामुळे सिद्धीस गेला नाही. त्या वर्षीच्या २९ सप्टेंबर रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८४ पासून त्या चेल्टनम लेडीज कॉलेजात राहू लागल्या. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजीबरोबर गणित व सृष्टिशास्त्र यांचा अभ्यास केला आणि स्वतः संस्कृत शिकविले.

या व्यवस्थेतील एक विशेष लेखनशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रमाबाई एकाच वेळी शिष्या व गुरू होत्या. वॉन्टेजच्या भगिनींना मराठी शिकवावयाचे आणि त्यांच्याकडून इंग्रजी शिकावयाचे, अशी देवाणघेवाण आरंभापासून ठरलेली होती. परभाषा शिकू लागलेला प्रौढ मनुष्य पुष्कळदा अल्पज्ञ बालकाच्या पायरीवर उतरविला जातो. त्याचे ज्ञान त्याच्या तोडक्या वाक्यांवरून मोजले जाते. ज्या घरात आपली भाषा दुसऱ्याला शिकविण्याचा मान आहे, तेथे हा अपमान काही अंशी तरी टळतो.

शिवाय पत्र हा लेखनप्रकार रमाबाईंच्या हातातला होता. इंग्लंडला पोहोचल्यावर सदाशिव पांडुरंग केळकर यांस त्यांनी लिहिलेले दीर्घ मराठी पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने १८८३ सालीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ज्यास मराठीत पत्रातून युक्तिवाद करता येतो, त्यास तोच आकार परभाषेत नव्याने शिकावा लागत नाही. केवळ शब्द शोधावे लागतात.

४

चेल्टनमच्या वास्तव्यात रमाबाईंचा मुख्य पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झाला. रमाबाईंच्या धार्मिक शिक्षणाची जबाबदारी यांच्याकडे होती. आपल्या इंग्रजी पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ असे मराठी नात्याने संबोधतात. मजकूर इंग्रजी आणि मायना मराठी, अशी ही रचना आहे. परक्या भाषेत प्रवेश करताना एक तरी शब्द घरचा असावा, म्हणजे मनुष्य तेथे केवळ पाहुणा राहत नाही.

परंतु या आजीबाईंशीच त्यांचा मोठा वाद झाला. वादाचे विषय लहान व थोर दोन्ही प्रकारचे होते. रमाबाई शाकाहारी होत्या व अंडे घातलेले पुडिंग खात नसत. जेराल्डिन यांना यात जात्यभिमान दिसला. क्रूसावरील अक्षरे लॅटिन का, आपल्या देशातील लोकांसाठी ती संस्कृत का नसावीत, असा प्रश्न रमाबाईंनी केला. मनोरमेस कोणत्या धर्ममतांचे शिक्षण द्यावे यावर आईचा अधिकार किती, हाही प्रश्न उपस्थित झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे, अशी एक सूचना पुढे आली असता हिंदुस्थानातील बिशपांनी तीस हरकत घेतली. त्यावर रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त केले, की ज्या गोष्टीस माझ्या वडिलांनी व पतीने कधी हरकत घेतली नाही, तीस येथे हरकत घेतली जावी! सर्वांत कळीचा मुद्दा धर्माधिकाराचा होता. मे १८८५ मधील एका पत्रात त्या स्पष्टपणे लिहितात, की मला माझी विवेकबुद्धी आहे. आपल्याकडील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही.

असे वाक्य आदर्श पत्रांच्या पुस्तकातून उतरून घेता येत नाही. ते लिहिणारीस नेमके काय नाकारावयाचे आहे व काय नाकारावयाचे नाही, हे ठाऊक असावे लागते. रमाबाईंना ख्रिस्ताची भक्ती नाकारावयाची नव्हती. संस्थेची सत्ता मर्यादित करावयाची होती. ज्या स्त्रीच्या आश्रयास आपण राहतो, जिच्याविषयी मनात कृतज्ञता व प्रेम आहे, तिला हा भेद परभाषेत, तिचे मन फारसे न दुखविता पटवून द्यावयाचा, ही कसोटी कोणत्याही निबंधपरीक्षेहून कठीण होती. भोवतालच्या उपासनेतून व बायबलातून जी शब्दसंपत्ती रमाबाईंना मिळाली, ती त्यांनी या वादात आपल्या बाजूने वापरली. शास्त्रार्थाची सवय येथे कामास आली. पूर्वपक्ष मांडावा, वचन उद्धृत करावे, त्याचा अर्थ लावावा आणि मग सिद्धांत सांगावा, ही पंडिती पद्धती इंग्रजी वाक्यांतूनही ओळखू येते.

जेराल्डिन यांना मात्र या स्पष्टपणात गर्व दिसला. जे लेखन आज आपणास विद्यार्थिनीचे यश वाटते, ते शिक्षिकेस उद्धटपणा वाटले. प्रौढास परभाषेत लेखन शिकविताना उद्भवणारी खरी अडचण येथे उघडी पडते. शिक्षकाची इच्छा असते, की शिष्याने आपली भाषा आत्मसात करावी. परंतु भाषा आत्मसात होताच शिष्य तीत स्वतःचे मत मांडू लागतो, आणि ते मत शिक्षकाच्या मतासारखेच असेल, याची शाश्वती नसते.

५

हा अनुभव एकट्या रमाबाईंचा होता, असे नाही. त्याच काळातील डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तुलनेसाठी घ्यावे. त्या वयाने रमाबाईंहून लहान. त्यांचे शिक्षण पती गोपाळराव यांच्या कडक देखरेखीखाली झाले. त्यांच्याही इंग्रजी लेखनास खरी चालना मिळाली ती १८८० पासून न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी सुरू झालेल्या पत्रव्यवहाराने. त्यांना आनंदीबाई ‘मावशी’ मानीत. आपल्या देशातील चालीरीती एका अपरिचित, परंतु स्नेहशील वाचक स्त्रीस समजावून सांगता सांगता त्यांची लेखणी तयार झाली. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे आपण अमेरिकेस का जातो, याविषयी त्यांनी जे इंग्रजी भाषण केले, त्यातील प्रश्नोत्तरांची मांडणी या पूर्वतयारीचे फळ मानता येईल. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभाच्या निमित्तानेच रमाबाई अमेरिकेस गेल्या होत्या.

दोघींच्या बाबतीत साम्य असे, की वाचक एक होता, खरा होता आणि उत्तर देणारा होता. भेद असा, की आनंदीबाईंच्या पत्रव्यवहारात मुख्य काम विवरणाचे होते, रमाबाईंच्या पत्रव्यवहारात खंडनमंडनाचे.

६

१८८७ चा ग्रंथ या दोन्ही प्रकारच्या लेखनाचा परिपाक होय. त्यास महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांची प्रस्तावना आहे, आणि तो अर्पण केला आहे तो ज्यांनी मौखिक संस्कृत शिकविले त्या आई लक्ष्मीबाईंच्या स्मृतीस. हिंदू स्त्रीच्या जीवनाचे विवरण, मनुस्मृतीतील वचनांचे परीक्षण आणि शेवटी वाचकास मदतीचे आवाहन, असा त्याचा क्रम आहे. अपरिचित वाचकास कोणती गोष्ट मुळापासून सांगावी लागते, हे चार वर्षांच्या पत्रलेखनाने रमाबाईंना नेमके कळले होते. या लेखनाचे फळ केवळ वाङ्मयीन नव्हते. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ज्या मागण्या १८८२ साली दुभाष्याच्या मुखातून सांगाव्या लागल्या, त्यांतील काहींची पूर्तता पाच-सात वर्षांनी स्वतःच्या लेखणीच्या बळावर होऊ लागली.

७

या साधनांविषयी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. छापील ग्रंथावर प्रकाशकाचा व हितचिंतकांचा हात फिरण्याचा संभव असतो. म्हणून लेखनशिक्षणाच्या इतिहासास पत्रे अधिक विश्वसनीय. परंतु रमाबाईंची ही पत्रेही सिस्टर जेराल्डिन यांनीच संकलित केलेली आहेत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. म्हणजे शिष्येचे लेखन आपल्यापर्यंत पोहोचते ते तिच्याशी वाद घातलेल्या शिक्षिकेच्या हातून. मतभेद असूनही जेराल्डिन यांनी ही पत्रे जपून ठेवली, याबद्दल इतिहासाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.

योगायोगाने त्याच १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये मिना शॉनेसी यांचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिटी कॉलेजात १९७० नंतर खुल्या प्रवेशाने आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध तपासून त्यांनी दाखविले, की या विद्यार्थ्यांच्या चुका आळसाच्या किंवा मंदबुद्धीच्या द्योतक नसून त्यांमागे काही तर्क असतो. परभाषा शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या शिकण्याचा पुरावा होय, हा विचार पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडलेला होता. चुकीकडे पाहण्याची दृष्टी या अभ्यासाने बदलली. रमाबाईंच्या पत्रव्यवहाराने या विचारास आणखी एक पुरवणी जोडता येते. प्रौढ विद्यार्थ्याच्या लेखनात चुकीप्रमाणेच नकारही असतो, आणि तोही शिकण्याचाच पुरावा असतो.

एका असामान्य स्त्रीच्या उदाहरणावरून सर्वसाधारण नियम काढणे धाडसाचे होईल, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. सर्वांपाशी रमाबाईंची शास्त्रव्युत्पत्ती नसते. तथापि नोकरीसाठी, स्थलांतरामुळे किंवा उच्च शिक्षणाच्या निमित्ताने आजही असंख्य प्रौढ स्त्रीपुरुष इंग्रजी लेखन शिकत आहेत, आणि त्यांस बहुधा रजेचे अर्ज व ठरावीक मायने गिरविण्यास दिले जातात. त्यांना शिकविणाऱ्याने दोन गोष्टींचा भेद ध्यानी ठेवावा, एवढेच या इतिहासावरून सुचवावेसे वाटते. वाक्य दुरुस्त करणे हे शिक्षकाचे काम आहे. वाक्यातील मत दुरुस्त करणे हे त्याचे काम नव्हे. वॉन्टेजच्या त्या सात्त्विक शिक्षिकेस हा भेद पाळणे कठीण गेले. तिच्या शिष्येने मात्र तो तिलाच, तिच्याच भाषेत, पत्रामागून पत्र लिहून समजावून दिला.