दांडी, बुट्टी आणि गैरहजर

शाळेला दांडी मारणं, बुट्टी मारणं, शाळा बुडवणं... बोलीत शब्दांची चंगळ! हजेरीपटात मात्र एकच: 'गैरहजर'. 'गैर' आणि 'हजर' दोन्ही मूळचे अरबी, फारसी दफ्तरातून मराठीत आलेले. पण शाळा बुडवणं गुन्हा ठरायला आधी शाळा सक्तीची हवी ना? बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ला अमरेली भागात सक्ती आणली, १९०६ला राज्यभर. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ला. तिथे मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे गैरहजर पोरगं, गुन्हेगार बाप! आता गुरं राखायला घरीच ठेवलेल्या पोराने 'दांडी मारली' असं कुणी म्हणेल का? पटावर मात्र तेही नुसतं 'गैरहजर'. माझं अर्धं संशोधन या दोघांना वेगळं काढण्यातच चाललंय.