अजून किती दिवस? – हिवाळी हस्तकलेची एक छोटी गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात कात्री, कागद आणि खळ कशाला? डिसेंबरात मुलांना घेऊन चांदण्या कापायच्या, कॅलेंडर चिकटवायचं, हा तर घरगुती उद्योग. पण आम्ही या उद्योगाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आलं, की यातल्या तीन अगदी साध्या वस्तूंच्या मागे मुलांचा एकच प्रश्न उभा आहे. दिवाळीआधी आपल्याही घरात तो रोज ऐकू येतो: ‘अजून किती दिवस?’

हा प्रवास जर्मनीतला आहे. तिथला हिवाळा आपल्यासारखा नाही. डिसेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधार होतो. मुलं घरात कोंडलेली, आणि नाताळ अजून चार आठवडे लांब. नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या या काळाला आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव ‘आगमनकाळ’ म्हणतात. म्हणजे वाट पाहण्याचा काळ. आता लहान मुलाला वाट पाहायला शिकवायचं कसं? त्याला ‘वीस दिवस’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला दिसायला हवं, हाताला लागायला हवं.

पहिली गोष्ट हॅम्बुर्गची. योहान हिन्रिख विखेर्न नावाच्या तरुण धर्मशिक्षकाने 1833 मध्ये शहराबाहेर अनाथ आणि निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. गरीब वस्त्यांमधली ही मुलं. बारा-बारा मुलांचं एकेक ‘कुटुंब’ करून ती राहायची. सांगतात असं, की डिसेंबर लागला की मुलं रोज विचारून भंडावून सोडत. मग 1839 च्या आगमनकाळात विखेर्नने एक लाकडी चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. चार रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक मेणबत्ती वाढायची. बघा, अंधार वाढत जातो त्याच दिवसांत घरातला उजेड रोज थोडा वाढतो! मोजणीही झाली आणि धीरही आला. पुढे घराघरात त्याचं छोटं रूप आलं: सदाहरित फांद्यांचं कडं आणि फक्त चार मेणबत्त्या. ते कडं मुलांना घेऊन विणायची पद्धत आजही आहे.

दुसरी गोष्ट पूर्व जर्मनीतल्या नीस्की गावची. तिथे मोरावियन पंथाची निवासी शाळा होती. या पंथाचे मिशनरी ग्रीनलंडपासून सुरिनामपर्यंत पसरलेले. आपल्याकडेही ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लाहूलमधल्या केलाँगला आणि 1885 मध्ये लेहला पोचले. अशा मिशनऱ्यांची मुलं शिक्षणासाठी लहानपणीच जर्मनीला धाडली जात. आई-बाप समुद्रापार, पत्र यायला महिने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भूमितीच्या तासाला कागदाची बहुकोनी चांदणी करायला शिकवू लागले. शिकवायची होती भूमिती, पण तयार झाली ती दिव्याची चांदणी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चांदणी जोडायची, हा रिवाजच पडला आणि मुलांबरोबर तो घरोघर गेला. आज ‘हेर्नहूटची चांदणी’ म्हणून ती ओळखली जाते. तिला पंचवीस टोकं असतात. घरापासून लांब असलेल्या पोरांच्या हाताला काम मिळालं आणि त्या कामातून त्यांनी स्वतःपुरतं घर उभं केलं, असं आम्हाला वाटतं.

तिसरी गोष्ट एका आईची. माउलब्रॉन गावात 1881 मध्ये जन्मलेला गेर्हार्ड लांग. त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस चौकोन आखले आणि प्रत्येकावर एकेक छोटंसं बिस्किट दोऱ्याने टाचलं. रोज एक खायचं. हा मुलगा मोठेपणी म्युनिकला छपाईच्या धंद्यात गेला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने आईची ती कल्पना छापून विकायला आणली. आता इथे जरा थांबू या, कारण खरा मुद्दा इथेच आहे.

लांगच्या सुरुवातीच्या कॅलेंडरात चोवीस चित्रांचा एक कागद आणि एक पुठ्ठा असे. रोज एक चित्र कापायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचं. म्हणजे बिस्किट गेलं, तरी मुलाच्या हातात कात्री होती. 1920 च्या सुमारास छोट्या दारांची कॅलेंडरं आली. कात्रीही गेली, आता फक्त दार उघडायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या दारांमागे चॉकलेट सर्रास बसलं. टाचणं, कापणं, उघडणं आणि शेवटी नुसतं खाणं! एका शतकात मुलाच्या हातचं काम असं पायरीपायरीने कमी होत गेलं.

आणि घरगुती हस्तकला नेहमी निरागसच असते असंही नाही, बरं का. युद्धाच्या काळात नाझी पक्षाच्या प्रचार विभागाने आयांसाठी नाताळपूर्व दिवसांची एक पुस्तिका काढली होती. त्यात मुलांबरोबर करायच्या वस्तू होत्या, गोष्टी होत्या. फक्त ख्रिस्तजन्म बाजूला सारला होता. मूल आईच्या शेजारी बसून जे हाताने करतं ते त्याच्या मनात खोल जातं, हे हुकूमशाहीलाही पक्कं ठाऊक होतं. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचं मोल कळायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता आपल्या घरी येऊ. वसईत, गोव्यात नाताळला बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून चांदण्या करतात, मुलं गोठा उभारतात. आपल्याकडे दिवाळीला आकाशकंदील आणि मातीचा किल्ला. आमच्या लहानपणी कामट्या तासताना बोटं कापायची, खळ शिजवताना गुठळ्या व्हायच्या आणि कंदील हमखास एका बाजूला कलायचा. आता तयार कंदील मिळतात, तयार किल्लेही मिळतात. ते जास्त देखणे असतात, हे कबूल. त्यात कुणाला दोष द्यायचा नाही. आई-वडील दोघं संध्याकाळी सातला घरी पोचतात, तेव्हा कामट्या कोण तासणार?

पण विखेर्नच्या चाकाकडे, नीस्कीच्या त्या पोरांकडे आणि त्या पुठ्ठ्याकडे पाहिलं तर एक गोष्ट उरते. यातली कुठलीही वस्तू देखणी असावी म्हणून जन्मली नव्हती. मुलाच्या वाट पाहण्याला मोठ्या माणसाने आपल्या वेळाने दिलेलं ते उत्तर होतं. तेव्हा पुढच्या वेळी घरातलं लेकरू ‘अजून किती दिवस?’ विचारेल, तेव्हा मोबाइलमधली तारीख दाखवू नका. एक पुठ्ठा घ्या, सुईदोरा घ्या, आणि चौकोन त्यालाच आखू द्या. वाकडे आले तरी चालतील.