मूळ (नक्षत्र)

मूळ (संस्कृत: मूल) हे भारतीय ज्योतिषातील २७ नक्षत्रांच्या मालिकेतील १९वे नक्षत्र होय. ज्येष्ठा व पूर्वाषाढा यांच्या मध्ये ते येते. निरयन राशिचक्रात धनू राशीच्या आरंभापासून १३ अंश २० कलांपर्यंतचा भाग (२४०° ते २५३°२०′) या नक्षत्राचा मानतात. निर्ऋती ही त्याची देवता असून विंशोत्तरी दशापद्धतीत केतू हा त्याचा स्वामी आहे. चंद्र या भागात असताना जन्मलेले मूल पित्याला, मातेला किंवा पुढे सासऱ्याला अनिष्ट ठरते, ही समजूत मुहूर्तग्रंथांतून व शांतिग्रंथांतून रूढ झाली. महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत विवाह जुळवताना आजही तिचा प्रभाव दिसतो. त्याहून जुन्या ग्रंथांतील या नक्षत्राचे चित्र मात्र बरेच वेगळे आहे.

आकाशातील स्थान

वृश्चिक तारकासमूहाची वळलेली शेपटी आणि तिच्या टोकाची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. मुहूर्तग्रंथांत त्याचे ११ तारे सांगितले आहेत. नांगीतील शौला (लॅम्डा स्कॉर्पी) हा ठळक तारा त्याचा योगतारा मानला जातो. शौलाला अगदी लागून लेसाथ (उप्सिलॉन स्कॉर्पी) हा तारा आहे. दोन्ही तारे नुसत्या डोळ्यांनी जोडीने दिसतात. महाराष्ट्रातून हे नक्षत्र दक्षिण क्षितिजापासून साधारण ३४ अंश उंचीपर्यंत चढते. जूनच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास ते याम्योत्तरवृत्तावर असते; मात्र तेव्हा पावसाळी ढगांमुळे दिसण्याची शाश्वती नसते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील उत्तररात्र निरीक्षणाला अधिक सोयीची ठरते.

पंचांगातील मूळ आणि आकाशातील मूळ यांत थोडा फरक आहे. पंचांगात राशिचक्राचे २७ समान भाग केलेले असतात. प्रत्यक्ष तारे मात्र कोणत्याही समान भागणीत बसत नाहीत. शौला मूळ विभागाच्या अगदी आरंभी येतो, तर शेपटीच्या सुरुवातीचे अनेक तारे गणिताने ज्येष्ठा विभागात पडतात. आकाशगंगेचे केंद्रही याच विभागात, धनू राशीच्या सुमारे ३ अंशांवर येते. या योगायोगावरून ‘मूळ’ हे नाव विश्वाच्या मुळाला उद्देशून दिले गेले, असे अलीकडच्या ज्योतिषविषयक लेखनात सांगितले जाते. आकाशगंगेला केंद्र आहे ही कल्पनाच आधुनिक खगोलशास्त्राची असल्याने या म्हणण्याला आधार नाही.

अरबी चांद्रनक्षत्रांच्या मालिकेतही १९वे स्थान अश्-शौला, म्हणजे उंचावलेली नांगी, या नक्षत्राचे आहे. चिनी मालिकेतील याच ताऱ्यांच्या विभागाचे नाव ‘शेपटी’ या अर्थाचे आहे.

नाव आणि वैदिक उल्लेख

तैत्तिरीय संहितेतील नक्षत्रांच्या यादीत या स्थानी ‘विचृतौ’ हे द्विवचनी नाव आढळते व देवता म्हणून पितरांचा निर्देश येतो. नांगीतील ताऱ्यांची जोडी पाहता हे द्विवचन सहज उलगडते. तैत्तिरीय ब्राह्मणात ‘मूलबर्हणी’, म्हणजे मूळ उपटणारी, असे नाव असून देवता निर्ऋती आहे. निर्ऋती ही ऱ्हास व विनाश यांची देवता होय. नैर्ऋत्य दिशेचे नाव तिच्यावरूनच आले. पुढे ‘मूल’ हे आखूड नाव रूढ झाले. वैदिक ग्रंथांतील नक्षत्रनामे व देवता यांची तुलनात्मक मांडणी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात केली आहे.

विचृत् या शब्दाचा अर्थ बंध सोडवणारा असा आहे. अथर्ववेदात विचृत् नावाच्या दोन तारका उगवल्या असता क्षेत्रिय, म्हणजे वंशपरंपरेने आलेला मानला जाणारा रोग, त्यांनी रोग्याच्या अंगावरून सोडवावा, अशी प्रार्थना आहे. येथे हे तारे रोगमुक्ती देणारे आहेत. त्याच वेदाच्या सहाव्या कांडातील एका सूक्तात मात्र ज्येष्ठघ्नी व विचृत् या नक्षत्रांवर जन्मलेल्या बालकासाठी अग्नीची प्रार्थना येते. यमाच्या मूळ उपटण्यापासून बालकाचे रक्षण व्हावे, त्याला शंभर शरद ऋतूंचे आयुष्य लाभावे आणि मोठे होताना त्याच्याकडून आईवडिलांना इजा होऊ नये, असा त्याचा आशय आहे. जन्मनक्षत्राविषयीची भीती किती जुनी आहे हे यावरून कळते. मात्र या सूक्तात बालकाचा त्याग कोठेही सुचवलेला नाही. ते प्रामुख्याने बालकाच्याच संरक्षणासाठी आहे.

ज्योतिषातील वर्गीकरण

मूळ हे राक्षसगणी, आद्यनाडीचे व श्वानयोनीचे नक्षत्र आहे. त्याच्या चार चरणांची आद्याक्षरे ये, यो, भा, भी ही होत. मुळांची जुडी किंवा सिंहाचे शेपूट हे त्याचे चिन्ह मानतात. आर्द्रा, आश्लेषा व ज्येष्ठा यांच्यासह त्याची गणना तीक्ष्ण अथवा दारुण नक्षत्रांत होते, म्हणून मंगलकार्यापेक्षा उग्र कर्मांसाठी ते योग्य म्हटले आहे. ते अधोमुख नक्षत्रांतही येते. त्यामुळे विहीर किंवा तळे खणणे, पाया खोदणे, पुरलेले धन काढणे अशा जमिनीखालच्या कामांना ते चांगले समजतात. या नक्षत्रावर जन्मलेल्याची पहिली महादशा ७ वर्षांच्या केतूची असते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहज्जातकात दिलेले मूळ नक्षत्राचे फल आजच्या समजुतीशी पडताळून पाहण्याजोगे आहे. त्याच्या मते या नक्षत्रावर जन्मलेला माणूस मानी, धनवान, सुखी, स्थिर वृत्तीचा, उपभोग घेणारा आणि हिंसा न करणारा असतो. नक्षत्रफलाच्या त्या श्लोकात पिता, माता किंवा सासरा यांच्या मृत्यूचा उल्लेख नाही. बृहत्संहितेत त्याने औषधे, वैद्य, गणप्रमुख, बियाणे, तसेच फुले, मुळे व फळे यांवर उपजीविका करणारे लोक या नक्षत्राच्या आधिपत्याखाली ठेवले आहेत. विचृत् ताऱ्यांचा रोगमुक्तीशी असलेला जुना संबंध येथे आठवतो.

गंडांत आणि अभुक्त मूळ

ज्या ठिकाणी नक्षत्र आणि रास दोन्ही एकाच वेळी संपतात, त्या सांध्यास गंडांत म्हणतात. आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ आणि रेवती-अश्विनी असे तीन सांधे राशिचक्रात आहेत. त्यांतील ज्येष्ठा-मूळ हा सर्वांत कठोर समजला जातो. ज्येष्ठेचा शेवट व मुळाचा आरंभ मिळून होणाऱ्या काळास अभुक्त मूळ अशी संज्ञा आहे.

हा काळ नेमका किती, यावर शास्त्रकारांचे एकमत नाही. विदर्भातून काशीस गेलेल्या घराण्यातील राम दैवज्ञ यांच्या मुहूर्तचिंतामणी (इ.स. १६००) या ग्रंथात ही मतांतरे एकत्र दिली आहेत. नारदाच्या मते हा काळ ४ घटिकांचा, वसिष्ठाच्या मते ज्येष्ठेच्या अखेरची १ व मुळाच्या आरंभीच्या २ घटिकांचा, तर बृहस्पतीच्या मते अवघ्या १ घटिकेचा आहे. काहींनी ज्येष्ठेच्या शेवटच्या ५ व मुळाच्या पहिल्या ८ घटिका धरल्या आहेत. एक घटिका २४ मिनिटांची असते, हे लक्षात घेता एका टोकाला अर्ध्या तासाहून कमी, तर दुसऱ्या टोकाला पाच तासांहून अधिक काळ दोषी ठरतो. या काळात जन्मलेल्या बालकाचा त्याग करावा किंवा पित्याने ८ वर्षे त्याचे मुख पाहू नये, असे तेथे म्हटले आहे. संत तुलसीदास यांचा जन्म अभुक्त मुळावर झाला व म्हणून त्यांना आईवडिलांनी दूर केले, असे परंपरागत चरित्रांत सांगतात.

उरलेल्या मुळासाठी चरणांनुसार फळे दिली आहेत. पहिल्या चरणावर जन्म झाल्यास पित्याला, दुसऱ्यावर मातेला व तिसऱ्यावर धनाला अनिष्ट. चौथा चरण शुभ. आश्लेषा नक्षत्रात हाच क्रम उलटा लावतात. शांती केली असता सर्वच चरण शुभ होतात, असेही त्याच ठिकाणी नमूद आहे. याशिवाय मुळाचा वास महिन्यांप्रमाणे बदलतो अशी एक कल्पना आहे: आषाढ, भाद्रपद, आश्विन व माघ या महिन्यांत तो स्वर्गात, श्रावण, कार्तिक, पौष व चैत्रात भूमीवर, उरलेल्या चार महिन्यांत पाताळात. भूमीवर वास असतानाच दोष मानावा, असा याचा अर्थ होतो. भयंकर फळ सांगणाऱ्या ग्रंथानेच त्यातून सुटण्याच्या इतक्या वाटा ठेवल्या आहेत. व्यवहारात मात्र ‘मूळ नक्षत्र’ एवढेच शब्द पुढे येतात आणि चरण, मास वगैरे तपशील मागे पडतो.

मूळशांती

मूळ नक्षत्रावरील जन्मासाठी करावयाच्या जननशांतीचे विवेचन पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या धर्मसिंधूत (इ.स. १७९०) आहे, महाराष्ट्रातील पुरोहितवर्गात हा ग्रंथ प्रमाण मानला जातो. ही शांती बाराव्या दिवशी किंवा चंद्र पुन्हा मूळ नक्षत्रात येईल त्या दिवशी, म्हणजे जन्मानंतर सुमारे २७ दिवसांनी करतात. निर्ऋतीचे पूजन व हवन, तसेच शंभर औषधी मुळे घातलेल्या जलाने सच्छिद्र कलशातून माता, पिता व बालक यांच्यावर अभिषेक हे तिचे मुख्य भाग आहेत. गोप्रसव नावाच्या विधीत बालकाला सुपात ठेवून गाईच्या मुखाजवळ नेतात व ते गाईपासून नव्याने जन्मले असे कल्पितात. त्यानंतर पिता प्रथम तेलात किंवा तुपात पडलेले मुलाचे प्रतिबिंब पाहतो व मग त्याचे मुख पाहतो. आठ वर्षांचा विरह सांगणाऱ्या वचनाची तीव्रता अशा प्रतीकात्मक विधीने काही दिवसांवर आली.

विवाहावरील परिणाम

वधूचे नक्षत्र मूळ असल्यास सासऱ्याला, आश्लेषा असल्यास सासूला, ज्येष्ठा असल्यास थोरल्या दिराला आणि विशाखा असल्यास धाकट्या दिराला अनिष्ट, असा समज सर्वत्र आढळतो. मुलीची पत्रिका मूळ नक्षत्राची निघाली की बोलणी तेथेच थांबणे, किंवा ज्या मुलाचे वडील हयात नाहीत असे स्थळ तिच्यासाठी मुद्दाम शोधणे, हे प्रकार महाराष्ट्रात परिचित आहेत. काही कुटुंबे हे टाळण्यासाठी जन्मवेळ बदलून नवी पत्रिका करून घेतात.

मुहूर्तचिंतामणीच्या विवाहप्रकरणातील वचन पाहता या रूढीतील विसंगती स्पष्ट होते. मूळ व आश्लेषा या नक्षत्रांचा दोष तेथे कन्या आणि पुत्र या दोघांनाही सांगितला आहे. म्हणजे मूळ नक्षत्रावर जन्मलेला वर आपल्या सासऱ्याला, अर्थात वधूच्या पित्याला, तितकाच अनिष्ट ठरतो. मुळाचा शेवटचा चरण व आश्लेषेचा पहिला चरण यांवर जन्मलेल्यांना हा दोष लागत नाही, असा अपवादही पुढे लगेच दिला आहे. विशाखेच्या पहिल्या तीन चरणांनाही अशीच सूट आहे. प्रत्यक्षात वराच्या मूळ नक्षत्राची चौकशी क्वचितच होते. तमिळ भाषेत तर मूळ नक्षत्राचा पुरुष राज्य करील आणि स्त्री निर्मूळ करील अशा अर्थाची म्हणच प्रचलित आहे. ग्रंथातला दोष दोघांचा असताना व्यवहारात त्याचा भार मुलीवरच पडला, याचे कारण ज्योतिषापेक्षा विवाहव्यवस्थेत शोधावे लागते.

पंचांगभेद

महाराष्ट्रात चित्रापक्षीय पंचांगांबरोबर रेवतीपक्षीय टिळक पंचांगही वापरात आहे. दोहोंच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचा फरक असल्याने त्यांच्या नक्षत्रारंभाच्या वेळा जुळत नाहीत. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक सरकतो. म्हणून हा फरक सात तासांच्या आसपास जातो. परिणामी चित्रापक्षाप्रमाणे ज्येष्ठेच्या अखेरच्या सात तासांत जन्मलेले मूल टिळक पंचांगाप्रमाणे मूळ नक्षत्राचे ठरते. चित्रापक्षाने पहिल्या चरणावर, म्हणजे पित्याला अनिष्ट असलेले मूल दुसऱ्या पंचांगात दुसऱ्या किंवा तिसऱ्या चरणावर जाते आणि दोष मातेवर अथवा धनावर सरकतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली चित्रापक्षाला अनुकूल शिफारस केली; तरी दोन्ही परंपरा चालू राहिल्या.

चिकित्सा

चंद्र प्रत्येक नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. त्यामुळे कोणत्याही लोकसंख्येत दर हजारी साधारण ३७ माणसे मूळ नक्षत्राची असतात. एवढ्या मोठ्या गटाच्या पित्यांचे वा सासऱ्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा कमी असते, असे दाखवणारा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

जन्मपत्रिकेवरून भाकीत करण्याच्या दाव्याची एक चाचणी २००८ साली पुण्यात झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार व मतिमंद अशा प्रत्येकी १०० मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यांतील ४० पत्रिका प्रत्येक सहभागी ज्योतिष्याला ओळखण्यासाठी दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिष्यांचे सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेही नव्हते. ही चाचणी विशेषकरून मूळ नक्षत्राविषयी नव्हती. मात्र मूळदोषाचे भाकीत ज्या पत्रिकेवर उभे आहे, तिच्याविषयीची ती होती.

सणवार

अशुभ म्हणून ख्यात असूनही धार्मिक दिनक्रमात मूळ नक्षत्राला मानाचे स्थान आहे. आश्विन शुक्ल पक्षात, नवरात्रातील सरस्वती आवाहन मूळ नक्षत्रावर होते. पूजन पूर्वाषाढा व विसर्जन श्रवण नक्षत्रावर करतात. तमिळनाडूत हनुमान जयंती मार्गळी महिन्यात मूळ नक्षत्राच्या योगावर साजरी होते, तर केरळमधील चंपक्कुळम येथील होड्यांची शर्यत मिथुन महिन्यातील मूळ नक्षत्रावर भरते. सूर्याचा मूळ नक्षत्रातील प्रवेश १६ डिसेंबरच्या सुमारास, धनुर्मासाच्या आरंभी होतो व तो तेथे सुमारे १३ दिवस राहतो. महाराष्ट्रातील ज्येष्ठागौरींचे आवाहन भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर, पूजन व महानैवेद्य ज्येष्ठेवर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. त्या दिवशी गौरींना सुताचे तातू वाहून हळदकुंकू करतात व नंतर त्यांना निरोप देतात.